सिकलसेल वाहक असणं म्हणजे काय: तुमचा अहवाल, जोडीदाराचा अहवाल आणि होणारी मुलं

प्रश्न थोडक्यात असा आहे. तुमचं वय २६. धाकट्या भावाला सिकलसेलचा आजार आहे, म्हणजे तो एसएस. तुमची सोल्युबिलिटी टेस्ट, म्हणजे सिकलसेलची प्राथमिक चाचणी, पॉझिटिव्ह आली, मग एचपीएलसी, म्हणजे हिमोग्लोबिनचे प्रकार वेगळे करून मोजणारी तपासणी, केली. त्यात हिमोग्लोबिन एस (सिकलसेलचं) ३७ टक्के आणि हिमोग्लोबिन ए (सर्वसाधारण) ५८ टक्के निघालं, खाली ‘सिकलसेल वाहक, एएस’ असा शेरा. ज्याच्याशी लग्न ठरतंय त्याची सोल्युबिलिटी टेस्ट निगेटिव्ह आहे. मोठी बहीण दहा आठवड्यांची गरोदर आहे आणि तिची तपासणी कधीच झालेली नाही. हा आजार आहे का, पुढे वाढेल का, लग्न करावं का, मुलांना काय होईल, आणि भावाचं बोन मॅरो ट्रान्सप्लांट झालं तर त्याच्या मुलांची काळजी मिटेल का, हे तुम्ही विचारलं आहे.

आधी बहिणीचं बोलू, कारण वेळ तिथे कमी आहे. बहिणीची आणि तिच्या नवऱ्याची एचपीएलसी आणि सीबीसी (रक्तपेशींची मोजणी) याच आठवड्यात करून घ्या, आणि दोघांची एकदमच करा. आधी बायकोची, ती पॉझिटिव्ह आली तर मग नवऱ्याची, असं करण्यात नेहमीच दोन-तीन आठवडे जातात. गर्भाची तपासणी करायची वेळ आलीच तर वारेचा बारीक नमुना साधारण ११ ते १४ आठवड्यांत घेतात; ते हुकलं तर १५ आठवड्यांनंतर गर्भजल तपासतात. दोन्हींत उत्तर मिळतं, पण निर्णयासाठी हातात उरणारा वेळ सारखा नसतो. शिवाय गर्भाची तपासणी करण्याआधी आईवडिलांच्या जनुकांतले नेमके दोष प्रयोगशाळेला माहीत असावे लागतात, त्यालाही दिवस लागतात. बहीण ठणठणीत आहे, तिला काही होत नाही, हे कारण पुरेसं नाही. तुम्हीही ठणठणीतच आहात, आणि तुम्ही वाहक निघालात.

आता तुमचा अहवाल. हिमोग्लोबिनच्या रेणूत चार साखळ्या असतात, दोन अल्फा आणि दोन बीटा. बीटा साखळी कशी बांधायची याची कृती ११व्या गुणसूत्रावरच्या एका जनुकात लिहिलेली असते. त्या जनुकात एका ठिकाणी एकच अक्षर बदललं, की साखळीतल्या सहाव्या जागी ग्लुटामिक ॲसिडऐवजी व्हॅलिन येतं. १४६ अमिनो आम्लांच्या साखळीत एवढा एकच फरक. व्हर्नन इन्ग्रॅम यांनी १९५७ साली तो नेमका दाखवला. पण या एका फरकामुळे ऑक्सिजन सोडल्यावर हिमोग्लोबिन एसचे रेणू एकमेकांना चिकटतात, त्यांचे लांब ताठ धागे बनतात आणि लाल रक्तपेशी विळ्यासारखी वाकडी होते. अशा पेशी बारीक रक्तवाहिन्यांत अडकतात, त्यातून असह्य वेदना होतात. आणि त्या लवकर फुटतात, त्यातून रक्त कमी होतं, डोळे पिवळे होतात. तुमच्या भावाच्या बाबतीत हे घडतं, कारण त्याला या जनुकाच्या दोन्ही प्रती, आईकडची आणि वडिलांकडची, एसच्या मिळाल्या आहेत.

तुमच्याकडे एक प्रत एसची आणि एक एची आहे. त्यामुळे तुमच्या प्रत्येक लाल पेशीत दोन्ही प्रकारचं हिमोग्लोबिन आहे, आणि ए त्या धाग्यांत नीट बसत नाही. धागे बनायला लागण्याआधीच पेशी फुप्फुसांत परत पोचते. रोजच्या आयुष्यात तुमच्या पेशी वाकत नाहीत, त्या याच कारणाने. थोड्या पेशी रोगट आणि बाकीच्या चांगल्या, असं काही तुमच्या रक्तात नाही.

पुष्कळांना पडणारा प्रश्न: दोन प्रती आहेत तर एस ५० टक्के का नाही, ३७ का? अल्फा साखळी बीटा-एशी जास्त सहज जुळते, म्हणून वाहकात एस नेहमी निम्म्यापेक्षा कमी असतं, साधारण ३५ ते ४० टक्के. एखाद्याला सोबत अल्फा थॅलेसेमियाचा, म्हणजे अल्फा साखळी कमी बनण्याचा, दोष असेल तर ते आणखी खाली येतं. लक्षात ठेवायची गोष्ट अशी, की वाहकात ए हे एसपेक्षा जास्तच असायला हवं. अहवालात एस ६५ आणि ए २५ असे आकडे असून शेरा ‘वाहक’ असेल, तर तो शेरा मान्य करू नका. ते बहुधा एस-बीटा थॅलेसेमिया असतं: एक प्रत एसची आणि दुसरी बीटा साखळी कमी बनवणारी, म्हणजे आजार. आणि ज्याला गेल्या तीन-चार महिन्यांत रक्त चढवलं आहे त्याचा अहवाल या कामाला वापरूच नका. दात्याचं ए मिसळलं की एसएस रुग्णसुद्धा कागदावर वाहक दिसतो. तुमच्या आकड्यांत असं काही नाही. तुम्ही वाहक आहात, आणि निदान पक्कं आहे.

वाहकाचा रुग्ण होत नाही. आज नाही, गरोदरपणात नाही, म्हातारपणी नाही. जन्मताना जी दोन जनुकं मिळाली तीच आयुष्यभर राहतात. वाहकाचं हिमोग्लोबिन सर्वसाधारण असतं आणि आयुर्मान इतरांइतकंच. त्यामुळे वाहक असण्यासाठी कुठलंही औषध नाही आणि लागतही नाही. हायड्रॉक्सियुरिया तर नाहीच, ते रुग्णांसाठी आहे. उलट मला काळजी वाटते ती वेगळ्या गोष्टीची. एखाद्या वाहक बाईचं हिमोग्लोबिन ८ निघतं आणि ‘तुम्हाला सिकल आहे ना, म्हणून’ असं म्हणून तिला परत पाठवलं जातं. वाहकपणामुळे रक्त कमी होत नाही. कमी असेल तर लोह कमी आहे का, पाळीत रक्त जास्त जातंय का, दुसरं काही आहे का, हे शोधलंच पाहिजे. तेच सांधेदुखीचं आणि पाठदुखीचं.

काही गोष्टी मात्र माहीत असाव्यात. मूत्रपिंडाच्या आतल्या भागात ऑक्सिजन कमी आणि क्षार जास्त असतात. तिथे वाहकाच्याही पेशी वाकू शकतात. त्यामुळे कधी लघवीतून रक्त जातं, बहुतेकदा दुखत नाही. पण ‘वाहक आहे म्हणून असेल’ असं धरून न चालता ते तपासून घ्यायचंच, कारण खडा, संसर्ग आणि फार क्वचित मूत्रपिंडाचा एक विशिष्ट कर्करोग हीही कारणं असतात. फार उंचीवर, साधारण ३००० मीटरच्या वर, डाव्या बरगड्यांखाली अचानक जोराचं दुखलं तर प्लीहेचा रक्तपुरवठा तुटलेला असू शकतो. लगेच खाली उतरायचं आणि डॉक्टर गाठायचे. उन्हात, पाणी न पिता, शरीर सवयीचं नसताना एकदम खूप जोर लावला तर स्नायू विरघळण्याचा धोका थोडा जास्त असतो. अमेरिकी सैन्यातल्या सुमारे ४८ हजार कृष्णवर्णीय सैनिकांचा अभ्यास २०१६ साली प्रसिद्ध झाला. त्यात वाहकांमध्ये मृत्यूचं प्रमाण वाढलेलं दिसलं नाही, पण स्नायूंची ही इजा इतरांपेक्षा सुमारे ५४ टक्क्यांनी जास्त दिसली. तेव्हा खेळ, धावणं, व्यायाम सोडायचं कारण नाही. पाणी, विश्रांती आणि हळूहळू वाढवलेला सराव एवढं सांभाळायचं. डोळ्याला मार लागून आत रक्त उतरलं तर डॉक्टरांना ‘मी वाहक आहे’ हे सांगायचं. मधुमेहाची एचबीए१सी तपासणी करतानाही सांगायचं, कारण वाहकात तो आकडा खऱ्यापेक्षा कमी दिसू शकतो.

तुमच्या शरीरापुरतं हे एवढंच. एएस या शेऱ्याचा खरा अर्थ कळतो तो दुसऱ्या माणसाचा अहवाल शेजारी ठेवल्यावर.

वारसा असा चालतो. आईच्या हातात दोन चिठ्ठ्या, वडिलांच्या हातात दोन. मूल प्रत्येकाकडून एकच चिठ्ठी घेतं, न बघता. जोडीदार पूर्ण एए असेल तर तुमची एसची चिठ्ठी आली तरी समोरून नक्की ए येणार. मूल फार तर वाहक होईल, दर वेळी ५० टक्के शक्यता, आणि आजारी एकही होणार नाही. जोडीदारही एएस असेल तर प्रत्येक मुलासाठी २५ टक्के शक्यता आजाराची, ५० टक्के वाहकाची आणि २५ टक्के पूर्ण मुक्त असण्याची. तुमच्या भावाने पुढे एए मुलीशी लग्न केलं तर त्याची सगळी मुलं वाहक होतील, कारण त्याच्याकडे दुसरी चिठ्ठीच नाही. त्याची बायको वाहक असली तर निम्मी शक्यता आजाराची.

हे आज सरळ वाटतं, पण १९४९ पर्यंत एकच प्रभावी जनुक कोणाला कमी तर कोणाला जास्त त्रास देतं, अशी समजूत होती. त्या वर्षी अमेरिकेत जेम्स नील आणि आफ्रिकेत काम करणारे डॉक्टर बीट यांनी स्वतंत्रपणे दाखवलं की रुग्ण मुलांचे आई आणि वडील दोघेही वाहक असतात. त्याच वर्षी लायनस पॉलिंग यांच्या गटाने वाहकाच्या रक्तात दोन वेगळी हिमोग्लोबिनं विद्युतप्रवाहात वेगळी करून दाखवली. तुमच्या अहवालातले ३७ आणि ५८ हे त्याच वेगळेपणाचं आजचं मोजमाप आहे.

२५ टक्क्यांचा अर्थ लावताना लोक हमखास घसरतात. चारांतलं एक म्हणजे ‘पहिलं आजारी झालं, आता पुढची तीन सुरक्षित’ असं नाही. प्रत्येक गर्भधारणेत चिठ्ठ्या नव्याने उचलल्या जातात. दोन वाहकांना तीन मुलं झाली आणि तिन्ही आजारापासून वाचली, असं होण्याची शक्यता सुमारे ४२ टक्के आहे. आणि पहिली दोन्ही आजारी निघाली, असं साधारण १६ घरांपैकी एका घरात होतं. म्हणून ‘आमची तिघं चांगली आहेत, म्हणजे आमच्यात काही नाही’ हा निष्कर्ष चुकीचा आहे, तसाच ‘आमचंच नशीब फुटकं’ हाही.

तुमच्या बहिणीला हेच लावून बघा. भाऊ एसएस, म्हणजे तुमचे आईवडील दोघेही वाहक धरू. मुलांचे चार प्रकार: एसएस, एएस, एएस, एए. बहीण आजारी नाही, तेव्हा पहिला प्रकार बाद. उरलेल्या तीनपैकी दोन वाहकाचे. म्हणजे तपासणी होईपर्यंत ती वाहक असण्याची शक्यता दोन-तृतीयांश आहे, निम्मी नव्हे. नवरा वाहक निघाला तर आज बाळाच्या आजाराची शक्यता सहातली एक धरावी लागेल. बहिणीचा अहवाल आला की ही शक्यता एकतर चारातली एक होईल किंवा जवळपास शून्य. रुग्णाच्या सख्ख्या भावंडांना मी याच आकड्यासाठी आग्रहाने बोलावतो.

आता तुमच्या होणाऱ्या नवऱ्याचा निगेटिव्ह अहवाल, कारण तुम्ही त्यावर निर्धास्त झालेल्या दिसता. सोल्युबिलिटी टेस्ट फक्त एवढंच सांगते की रक्तात एस आहे किंवा नाही. एस असेल तर द्रावण गढूळ होतं आणि नळीमागच्या कागदावरच्या रेघा दिसेनाशा होतात. वाहक असो की रुग्ण, गढूळ दोन्हींत होतं. सहा महिन्यांच्या आतल्या बाळात एस असूनही चाचणी निगेटिव्ह येऊ शकते, कारण तेव्हा रक्तात गर्भातलं हिमोग्लोबिन एफच जास्त असतं. आणि बीटा थॅलेसेमियाचा वाहक, हिमोग्लोबिन डी, ई किंवा सी हे इतर बदललेले प्रकार असणारा, हे सगळे या चाचणीत निगेटिव्हच येतात. पण बीटा जनुकाची ही दुसरी बिघडलेली चिठ्ठी तुमच्या एसच्या जोडीला आली तर मूल आजारी होऊ शकतं.

असं एक कुटुंब मी पाहिलं आहे. बायको एएस, नवऱ्याची सोल्युबिलिटी निगेटिव्ह, दोघांना ‘काही हरकत नाही’ असं सांगितलेलं. बाळ आठ महिन्यांचं असताना दोन्ही हातांचे पंजे सुजले, रडणं थांबेना. तपासणीत ए अजिबात नाही, एस भरपूर, बाकी एफ, शेरा ‘एसएस’. आता बापाकडे एस नाही आणि मुलाला दोन एस कसे? घरात त्या बाईकडे ज्या नजरेने बघितलं जात होतं ते मला आजही आठवतं. बापाची एचपीएलसी केली तेव्हा हिमोग्लोबिन ए२, हा एरवी थोडाच असणारा प्रकार, ५.४ टक्के निघालं आणि लाल पेशी लहान. तो बीटा थॅलेसेमियाचा वाहक होता. मुलाला आईकडून एस आणि बापाकडून बीटा साखळी अजिबात न बनवणारी चिठ्ठी मिळाली होती. कागदावर ते एसएससारखंच दिसतं. एका अपुऱ्या तपासणीने त्या घराला निर्णयाची संधीही दिली नाही आणि वर संशय दिला.

म्हणून होणाऱ्या नवऱ्याची सीबीसी आणि एचपीएलसी करा. सीबीसीत एमसीव्ही (लाल पेशीचा आकार) ८० च्या किंवा एमसीएच (एका पेशीतलं हिमोग्लोबिन) २७ च्या खाली असेल आणि एचपीएलसीत ए२ ३.५ टक्क्यांच्या वर असेल, तर बीटा थॅलेसेमिया वाहकाचा विचार करायचा. पेशी लहान पण ए२ सीमेवर असेल तर लोह तपासा; लोहाची कमतरता ए२ खाली ओढते आणि थॅलेसेमिया झाकला जातो. हा नियम तुमच्या स्वतःच्या अहवालाला मात्र लावू नका. एस असलेल्या रक्तात काही यंत्रांवर ए२ खोटं वाढलेलं दिसतं आणि ते पाहून लोक विनाकारण घाबरतात. तुमचं ए हे एसपेक्षा जास्त आहे, तेव्हा तुमच्याकडे तो प्रश्न नाही.

त्याचा अहवाल पूर्ण सर्वसाधारण आला तर मुलांच्या आजाराची भीती मनातून काढून टाका आणि लग्न करा. तो कुठल्यातरी प्रकारचा वाहक निघाला तर कुठल्या, यावर पुढचं अवलंबून आहे. एएस असेल किंवा गंभीर बीटा थॅलेसेमियाचा वाहक असेल तर २५ टक्के शक्यता गंभीर आजाराची. हिमोग्लोबिन डी-पंजाब असेल तर तेही तितकंच गंभीरपणे घ्या. एस आणि डी एकत्र आले की आजार एसएससारखाच वागू शकतो. ई असेल तर आजार सहसा सौम्य असतो.

तरीही लग्न मोडलंच पाहिजे असं मी सांगणार नाही. जोडीदार बदलणं हा एक मार्ग झाला, आणि मन गुंतलेलं नसताना तो सोपाही असतो. पण दोन वाहकांपुढे आणखी मार्ग आहेत: प्रत्येक गरोदरपणात वेळेवर गर्भाची तपासणी, आयव्हीएफ करून गर्भाशयात सोडण्याआधीच भ्रूणाची जनुकीय तपासणी, दात्याचं बीज, दत्तक, किंवा २५ टक्के शक्यता समजून-उमजून स्वीकारणं आणि जन्मल्याबरोबर बाळाची तपासणी करून पहिल्या दिवसापासून उपचार धरणं. यातला कुठला मार्ग घ्यायचा हे तुम्ही दोघांनी ठरवायचं. लग्नाआधी कळलं तर हे सगळे मार्ग मोकळे असतात, गरोदरपणात कळलं तर कमी उरतात आणि बाळ आजारी पडल्यावर कळलं तर जवळजवळ एकही नाही.

तुम्ही लिहिलं आहे की घरी ‘हे आईकडून आलं’ अशी कुजबुज आहे. तुमच्या भावाला एक एस आईकडून आणि एक वडिलांकडून आला, एकट्या आईकडून एसएस होऊच शकत नाही. हे जनुक लिंग ठरवणाऱ्या गुणसूत्रांवर नाही, त्यामुळे मुलगा-मुलगी दोघांनाही सारखंच मिळतं. रक्तगटाशी त्याचा संबंध नाही, आणि ते स्पर्शाने किंवा एकत्र राहण्याने पसरत नाही. आणि ते टिकून राहिलं यामागे कोणाचंही पाप नाही, मलेरिया आहे. अँथनी ॲलिसन यांनी १९५४ साली पूर्व आफ्रिकेतल्या कामातून दाखवलं की वाहक मुलांना फाल्सिपेरम या घातक मलेरियापासून संरक्षण मिळतं. गंभीर मलेरियाचा धोका त्यांच्यात कितीतरी कमी असतो. म्हणून आफ्रिका, भूमध्य समुद्राभोवतीचे प्रदेश, अरबस्तान आणि भारत, जिथे मलेरियाने पिढ्यान्‌पिढ्या मुलं नेली, तिथे हे जनुक आढळतं. भावाला मात्र हे संरक्षण लागू नाही. एसएस रुग्णाला मलेरिया झाला तर तो फार धोकादायक ठरतो, त्याला डासांपासून जपा.

शेवटी भावाचा प्रश्न. ट्रान्सप्लांटसाठी दाता म्हणून तुमचा विचार जरूर होऊ शकतो. वाहक असणं आड येत नाही. एचएलए, म्हणजे दाता आणि रुग्ण यांच्या पेशींवरच्या ओळखखुणा, जुळणं हे वेगळ्याच, सहाव्या गुणसूत्रावर ठरतं आणि प्रत्येक सख्ख्या भावंडाशी पूर्ण जुळण्याची शक्यता २५ टक्के असते. तुमचं जुळलं आणि ट्रान्सप्लांट यशस्वी झालं तर भावाच्या रक्ताचा अहवाल तुमच्यासारखा एएस दिसेल आणि त्याचं दुखणं थांबेल. पण बदलतं ते रक्त बनवणारं मॅरो, त्याच्या शुक्रपेशी बदलत नाहीत. त्या आधीसारख्याच एस देत राहतील, प्रत्येक मुलाला. ब्रिटन आणि अमेरिकेत २०२३ च्या अखेरीस मान्यता मिळालेल्या जनुकीय उपचारांचंही तसंच आहे. ते रक्ताच्या मूळपेशींवर होतात, पुढच्या पिढीला जाणाऱ्या पेशींवर नाही. म्हणजे बरा झाल्यावरही त्याच्या होणाऱ्या बायकोची एचपीएलसी लागेलच, आणि तेव्हा त्याने स्वतःचा नवा एएस अहवाल पुढे न करता ट्रान्सप्लांटच्या आधीचा एसएस अहवाल दाखवायचा. तो जुना कागद जपून ठेवा. आणि ट्रान्सप्लांटच्या आधी देतात त्या औषधांनी मूल होण्याची क्षमता जाऊ शकते, तेव्हा तारीख ठरण्यापूर्वीच वीर्य गोठवून ठेवण्याबद्दल त्याच्या डॉक्टरांना विचारायला सांगा.